नाव लागेपर्यंत

22 जुलै 2024, सोमवार

तेराव्याचे पाहुणे गेले. आज भावाची पत्र्याची पेटी भावजयीसमोर उघडली. यात काय काय आहे विचारलं तर म्हणाली, "वन्सं, मला काय ठावं? ते बघायचे." महिन्याचं वीजबिल, दुधाचा हिशेब, पोरांच्या फिया सगळं तिला रुपयापर्यंत पाठ. पण नवऱ्याचा पीएफ कुठं जमा होतो, बँकेत नॉमिनी कोण, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. मी पोस्टात बचतीच्या खिडकीवर बसते. अशा बायका मला रोज दिसतात, नवऱ्याचं पासबुक पदरात गुंडाळून आणलेल्या, "एवढं बघा की ओ ताई" म्हणणाऱ्या. आता त्यातली एक आमच्याच घरातली.

पेटीत निघालं ते असं: आधार, पॅन, दोन बँकांची पासबुकं, हप्ते थकून बंद पडलेली एक विमा पॉलिसी, पोरीच्या सुकन्या खात्याचं पासबुक, रबरबँड लावलेला पगारपावत्यांचा गठ्ठा आणि उसनवारी लिहिलेली खिशातली डायरी.

मृत्यूचा दाखला हातात आहे, एवढं बरं. मृत्यू जिथं होतो तिथंच नोंद करायची असते. भाऊ सोलापूरच्या दवाखान्यात गेला, म्हणून नोंद सोलापूर महापालिकेत. 21 दिवसांच्या आत केली तर कटकट नाही. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. चुलतभावानं पाचव्या दिवशीच जाऊन नोंद केली, आणि मुख्य म्हणजे दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घेतलं. त्याला दुवा.

आज एक ठरवून टाकलं. प्रत्येक खिडकीवर भावजयीनंच उभं राहायचं, तिनंच बोलायचं. मी मागं उभी राहीन. ती घाबरली. आईला तर ते अजिबात पटलं नाही. "एवढ्यात बाहेर कशाला काढतीस तिला?" म्हणाली.

25 जुलै, गुरुवार

रात्री पासबुकं घेऊन बसले. पगाराचं खातं ज्या बँकेत, त्याचं पासबुक पाण्यात भिजून वाळलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. ओळीवर बोट ठेवून खाली खाली येत होते. एटीएम, एटीएम, वीजबिल, गॅस, फायनान्सचा हप्ता, परत एटीएम. मे महिन्याच्या शेवटी फिकट जांभळ्या शाईत एक ओळ होती, अर्धी कडेबाहेर छापली गेलेली: पीएमजेजेबीवाय, 436.00. मागच्या वर्षीचा मे काढला, तिथंही 436. त्याच्याही मागं गेले तर 330.

म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. ही योजना 2015 ला आली तेव्हा हप्ता 330 होता, जून 2022 पासून 436 झाला. वर्ष 1 जून ते 31 मे. अठरा ते पन्नास वयात शिरता येतं, पंचावन्नपर्यंत संरक्षण चालतं. मृत्यू कशानंही होवो, वारसाला दोन लाख. भाऊ सेहेचाळीसचा होता. बँकेतल्या कुणीतरी कधीतरी फॉर्मवर सही घेतली असणार, त्यानंतर पैसे आपोआप कटत राहिले. घरात कुणाला पत्ता नाही. त्याच्याच शेजारी वीस रुपयांची ओळ होती, ती सुरक्षा विम्याची. तो फक्त अपघाताला लागतो. भावाला हार्ट अटॅक आला, त्यामुळं त्याचं इथं काही निघणार नाही.

भावजयीला ओळ दाखवली. तिनं ती दोनदा वाचली. "दर वर्षाला चारशे कटतात म्हणून मीच त्यांच्यावर ओरडले होते, बँकवाले लुटतात म्हणून," म्हणाली.

29 जुलै, सोमवार

बँक. मी मागच्या बाकावर. नॉमिनीच्या रकान्यात भावजयीचंच नाव आहे, पण सासरचं. आपल्याकडं लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायची हौस, आणि आधारवर मात्र शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव. कारकून म्हणाला, "मॅडम, या दोन वेगळ्या बाई झाल्या." त्याचंही चूक नाही, मीही खिडकीवर असते तर हेच म्हणाले असते. विवाहनोंदणी केली असती तर त्या एका कागदावर भागलं असतं. 2006 सालचं लग्न, कार्यालयात झालं, फोटो आहेत, व्हिडिओ कॅसेट आहे, नोंदणी नाही. आता प्रतिज्ञापत्र आणि शासनाच्या राजपत्रात नावाची प्रसिद्धी, असा मार्ग निघाला. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. पोरीनं मोबाइलवरून भरला, आईपेक्षा भराभर.

8 ऑगस्ट, गुरुवार

एक गृहस्थ घरी येऊन गेले म्हणे. पीएफ, विमा सगळं काढून देतो, शेकडा दहा द्या, धावपळ नको. आईला पटलं होतं. मी फोनवर सांगितलं, ही सगळी कामं फुकट होतात. ज्या कामाला फी आहे तिथं पावती मिळते. पावती न देणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

19 ऑगस्ट, सोमवार, राखी पौर्णिमा

खिडकीवर आज उभं राहायला जागा नव्हती. लाडकी बहीणचे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार चार-पाच दिवसांपासून पडायला लागलेत. ज्यांना आले त्या काढायला, ज्यांना नाही आले त्या का नाही म्हणून विचारायला. निम्म्यांचं खातं आधारला जोडलेलं नाही. एका म्हातारीला मेसेज आला होता, पण पैसे कुठल्या बँकेत गेले ते तिला माहीत नाही. पूर्वी कधीतरी जनधनचं खातं काढून विसरली होती, पैसे तिथं जाऊन बसलेत. थेट मदतीचा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, हे तिला समजावता समजावता माझा घसा बसला.

भावजयीचा अर्ज अजून भरला नव्हता. जुलै महिना सगळा तसाच गेला. आज पोरीनं भरला. एकवीस ते पासष्ट वय, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, यात ती बसते. लोकांनी आणखीही बरंच सुचवलं. विधवांना संजय गांधी निराधारचे पंधराशे मिळतात म्हणे. मिळतात, पण त्याला उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजारांची. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात सोलापुरात खोलीचं भाडंही होत नाही. कुणी म्हणालं राष्ट्रीय कुटुंब लाभचे वीस हजार. ते दारिद्र्यरेषेखालच्या घराला, कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर. आपण त्यात नाही. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला पंधराशे घेणारीला लाडकी बहीण मिळत नाही. एका ताटात एकच वाढणार. जे लागू नाही त्याच्या मागं धावायचं नाही, असं भावजयीला सांगितलं. आपल्या माणसाच्या पगारातून कापून गेलेला पैसा आधी बघू.

राखी आणली नव्हती यंदा. चुलतभाऊ स्वतःहून आला, मनगट पुढं केलं.

27 ऑगस्ट, मंगळवार

सोलापूर, भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय. पहाटेच्या एसटीनं बार्शीहून निघाले, भावजय तिच्या घरून आली. आई पण आली, रिक्षातून, हट्टानं. ती का आली ते नंतर कळलं.

खिडकीवर एक तरुण बाई होती, बोलायला फटकळ, पण कामाला चोख. स्क्रीनवर बघून म्हणाली, "नॉमिनेशन जुनं आहे, 2005 चं. त्यात आईचं नाव आहे. शंभर टक्के." भावजयीचा चेहरा पडला. आईनं पदर तोंडाला लावला. नोकरी लागली तेव्हा भाऊ बिनलग्नाचा होता, आईचं नाव लिहिलं. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं, हजारो माणसांचं राहतं तसं. आता तर ई-नॉमिनेशन मोबाइलवरून होतं. पण "बघू उद्या" म्हणण्यात अठरा वर्षं जातात.

ती बाई पुढं म्हणाली, लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर बाद होतं. नव्यानं केलेलं नसेल तर पैसा कुटुंबाला समान वाट्यानं. बायको, दोन मुलं, आणि आई त्याच्यावर अवलंबून असेल तर आईही. भाऊ आईला शेवटपर्यंत जवळ घेऊन राहिला, तेव्हा आईही. म्हणजे चार वाटे.

मग फॉर्म. पीएफच्या रकमेला वीस नंबर, पेन्शनला दहा-डी, आणि तिसरा पाच-आयएफ, जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो: कर्मचारी ठेव संलग्न विमा, ईडीएलआय. कामगाराच्या पगारातून यासाठी एक पैसा कापत नाहीत, मालक भरतो. नोकरीत असताना माणूस गेला, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या पस्तीसपट, त्यातही पगार पंधरा हजारांपर्यंतच धरायचा, अधिक पीएफ शिलकीच्या सरासरीची निम्मी रक्कम, कमाल पावणेदोन लाख. सगळं मिळून सात लाखांच्या वर जात नाही. घरासाठी भावानं मध्ये पीएफ उचलला होता. उरलेले तीनेक लाख. म्हणजे त्याच्या शिलकीपेक्षा हा न कापलेला विमा दुपटीनं मोठा! आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो.

परत येताना एसटी स्टँडवर आईनं सांगितलं ती का आली ते. गावाकडच्या कुणीतरी तिच्या कानात घातलं होतं की नाव तुझं आहे, सगळा पैसा तुलाच मिळणार, सुनेच्या हाती काही लागू देऊ नको. आईला ते खरं आहे का बघायचं होतं. "आता कळलं. माझा चौथा," म्हणाली. मी म्हटलं, हो, तुझा चौथा. त्यावर ती काही बोलली नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती, ती आम्ही तिथंच खाल्ली.

5 सप्टेंबर, गुरुवार

रात्री साडेनऊला भावजयीचा फोन, रडत. भावानं टीव्ही आणि मोटारसायकलीवर एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं, त्यांचा वसुलीवाला फोन करून म्हणतोय, उद्या दारात येऊन बसतो, पोरीच्या शाळेत येतो. मी नंबर घेतला आणि स्वतः लावला. त्याला विचारलं, रिझर्व्ह बँकेनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला मनाई केली आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? त्याचा आवाज एकदम "मॅडम, मॅडम" झाला.

कर्ज बुडवायचं नाही, ते खरंच आहे. पण मेलेल्या माणसाचं कर्ज वारसांनी फेडायचं ते त्याच्याकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतं. बायको जामीनदार नसेल तर तिच्या स्वतःच्या कमाईवर कुणाला हात टाकता येत नाही. उद्या कंपनीला लेखी पत्र: मृत्यू दाखला जोडून, बाकी किती आणि कर्जाला विमा होता का ते लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तक्रार फुकट, चौकशीला 14448. पत्र भावजयीनं स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर चांगलं आहे तिचं. मला माहीत नव्हतं.

11 सप्टेंबर, बुधवार

जीवनज्योतीचे दोन लाख जमा. गौरी जेवणार आजच, पण पुरण तिनं केलं नाही. यंदाचं वर्ष तसंच.

29 सप्टेंबर, रविवार

ह्यांच्याशी सकाळी वाद. हे म्हणतात, नॉमिनी म्हणजे मालक, त्याशिवाय नाव कशाला लिहून घेतात? मी म्हटलं, भिंतीवर बघा. भिंतीवर कालनिर्णय. कालनिर्णयकर्ते जयंतराव साळगावकर यांच्या मिळकतीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयानं सांगितलं की शेअर्स आणि गुंतवणुकीवर नॉमिनी म्हणून नाव असलं तरी तो वारसांना डावलून मालक होत नाही. बँकेनं पैसे त्याच्या हातात दिले की बँकेची जबाबदारी संपते, एवढंच. पुढं वाटणी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं. त्यावर हे गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "मग मृत्युपत्र करायचं का आपण?" साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सहीनं होतं, नोंदणी सक्तीची नाही. पुढच्या रविवारी, असं ठरलं. त्यांचे पुढचे रविवार मला माहीत आहेत.

आणखी एक केलं आज. रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झालं. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी कुठल्या बँकेत पडून आहेत ते तिथं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून शोधता येतं. बाबांच्या नावानं शोधलं. काही निघालं नाही. बाबा पैसे ठेवणाऱ्यातले नव्हतेच.

21 ऑक्टोबर, सोमवार

वैरागजवळ आमची 1 हेक्टर 62 आर जमीन, जुन्या हिशेबानं चार एकर. सोयाबीन आणि तूर. बाबा 2011 ला गेले तेव्हा आई, भाऊ आणि मी, अशी तीन नावं सातबाऱ्यावर लागली. आमच्या तालुक्यात बहिणीचं नाव 'इतर हक्कात' ढकलून मोकळं होणारी घरं पुष्कळ आहेत. आमच्याकडं ते झालं नाही ते भावामुळं. तलाठी कार्यालयात तोच म्हणाला होता, अक्काचं नाव वरच लिहा.

आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला वारस लावायचे. अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. आधी वारस रजिस्टरला नोंद, गाव नमुना सहा-क. मग फेरफार, त्याची पंधरा दिवसांची नोटीस, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करणार आणि नावं सातबाऱ्यावर चढणार. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. इथंही आई. अज्ञान मुलांच्या नावापुढं 'अ.पा.क. आई' असं लागेल.

पण तलाठ्याचं दार बंद. निवडणूक लागली. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, सगळे त्या कामाला जुंपलेले. कोतवाल म्हणाला, "बाई, आता दिवाळी आणि मतदान होऊ द्या." अर्ज सेतूतून ऑनलाइन टाकला आणि पोच घेतली. लोकसेवा हक्काचा कायदा 2015 चा आहे, अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि ती चुकली तर अपील करता येतं. पोच नसली तर अपील कशाचं करणार?

4 नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज संपते न संपते तोच भावजयीला फोन: पीएफ कार्यालयातून बोलतोय, तुमचे सात लाख मंजूर झालेत, प्रोसेसिंगचे 4,800 पाठवा, ओटीपी सांगा. तिनं मला न विचारता फोन कट केला, 1930 ला लावून नंबर कळवला, मग मला सांगितलं. आपल्याला सात लाख येणार हे त्या चोराला कुठून कळलं, हे मात्र डोक्यातून जात नाही.

10 डिसेंबर, मंगळवार

भावाच्या कारखान्यात गेलो. चिंचोळी एमआयडीसी. ग्रॅच्युइटीचं कुणी नावच काढत नव्हतं. कचेरीतला माणूस म्हणाला, साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या, शिवाय हे वयाच्या अठ्ठावन्नला मिळतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भावजय म्हणाली, "दादा, पाच वर्षांची अटसुद्धा माणूस मेला तर लागत नाही, यांची तर अठरा वर्षं झालीत. अठ्ठावन्नला यायला ते कुठून येणार?" कचेरीत शांतता. घरून पाठ करून आली असणार, पण म्हणाली खणखणीत. 1972 चा कायदा, दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता पंधरा हजार धरला तर अठरा वर्षांचे दीड लाखाच्या वर होतात. तीस दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासकट. दिले नाहीत तर त्या कायद्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडं अर्ज. हे सगळं तिनं त्याला लिहून दिलं आणि पोच मागितली. पोच देताना त्यानं शिक्का इतका हळू उमटवला की वाचताच येईना. तिनं परत मारून घेतला.

आता तिच्यामागं बाकावर बसायला मला जायची गरज नाही. माझ्या रजाही संपत आल्यात.

22 जानेवारी 2025, बुधवार

ईडीएलआयचे पावणेसात लाख आणि पीएफ, चार वाट्यांनी जमा. पेन्शनही सुरू झालं: भावजयीला महिन्याला तीन हजारांच्या आत, मुलांना प्रत्येकी त्याच्या चौथाई. पंचवीस वर्षांचे होईपर्यंत. एवढ्या वर्षांच्या नोकरीचं पेन्शन एवढंच, हे सगळ्या सरकारांना माहीत आहे. किमान पेन्शन 2014 पासून एक हजारावर अडलेलं आहे.

पैसा आला की सल्लेही आले. भावजयीचा मामा म्हणतो, आमच्या गावच्या पतसंस्थेत ठेव, अकरा टक्के देतात. मी त्याला विचारलं, संस्था बुडाली तर? बँकेतली ठेव बुडाली तर ठेव विमा महामंडळ माणशी पाच लाखांपर्यंत भरून देतं, 2020 पासून. पतसंस्थेला ते संरक्षण नाही. या जिल्ह्यानं बुडालेल्या पतसंस्था कमी पाहिल्या आहेत का? मामाला माझा राग आला. येऊ दे.

शेवटी असं ठरलं. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत चार लाख, भावजयीचे आणि तिच्या हातून मुलांचे मिळून. 7.4 टक्क्यांनी महिन्याला अडीच हजारांच्या जरा आत येतील, ते पोरांच्या शिकवणीला. दोन लाख महिला सन्मान पत्रात, साडेसात टक्के, दोन वर्षांसाठी. ती योजना 31 मार्चला बंद होतेय, त्याच्या आत. फायनान्सची बाकी विमा नसल्यामुळं फेडून टाकायची. डायरीतली उसनवारी पण. तीन नावं होती, त्यातल्या एका दुकानदारानं पैसे घेतले नाहीत.

आईनं तिचे दोन लाख चाळीस हजार ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले, 8.2 टक्के, दर तिमाहीला 4,920 रुपये. फॉर्म मी भरला. नॉमिनी कोण विचारलं तर म्हणाली, "सून." वरचे तीनेक हजार उरले त्याचा तिनं चष्मा केला.

20 मार्च, गुरुवार

पोरीची दहावी संपली सोमवारी. आज तिच्या सुकन्या खात्याला पालक म्हणून भावजयीचं नाव लागलं. खात्यात एक वर्ष काहीच भरलं गेलं नव्हतं. दंड पन्नास रुपये आणि किमान अडीचशे भरले, खातं परत चालू.

महिला व बालविकास खात्याच्या बाई घरी चौकशीला आल्या होत्या. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आमच्या ओळखीत चारजण तरी असे आहेत, ज्यांनी याचं नावही ऐकलेलं नाही. अर्ज केलाय, बाल कल्याण समितीचा आदेश व्हायचाय. मंजूर होईल तेव्हा खरं.

7 एप्रिल, सोमवार

फेरफार मंजूर झाला. मतदान, मग नवं सरकार, मग तलाठ्याची बदली, असं करत एवढे महिने गेले. हातात नवा सातबारा: आई, मी, भावजय, आणि दोन्ही मुलं, अ.पा.क. आई.

दुपारी चुलते आले. गूळ-शेंगा झाल्यावर विषय काढला. एवढ्याशा रानात पाच नावं म्हणजे पुढं कटकट, कर्ज काढायचं तरी पाच सह्या. तेव्हा आईनं आणि मी नातवाच्या नावानं हक्कसोड करून द्यावं, दुय्यम निबंधकाकडं एका दिवसात होतं. आणि त्या पोराच्या वतीनं रान चुलत्यांनी कसावं. बोलणं गोड होतं. मी तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन 15100. त्यांनी सांगितलं होतं, अज्ञान मुलाची जमीन विकायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि हक्कसोड एकदा नोंदवलं की परत फिरवणं फार अवघड. मी तेच चुलत्यांना सांगायला लागले.

आईनं मला थांबवलं. "भाऊजी," ती म्हणाली, "पोराला मी माझ्या मनानं देईन, मरताना. आत्ता नाही. आत्ता दिलं तर मी याच्या घरात पाव्हणी होईन."

भावजय आत स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं. बाहेर येऊन म्हणाली, "आत्याबाईंचं नाव राहू द्या. वन्संचं पण." चुलते उठले, चप्पल घातली, आणि पावसाच्या अंदाजावर बोलत गेले.

हक्कसोड झालं नाही. माझंही नाव तिथंच राहणार आहे. मृगाला पेरणी कोण करणार ते भावजय ठरवणार, निम्म्या वाट्यानं द्यायचं म्हणतेय.

वाचणाऱ्या बायांनो, सातबाऱ्यावरचं तुमचं नाव कुणी सही मागून काढत असेल, तर सही करण्याआधी 15100 ला एक फोन करा.